साडेबारा मायक्रोसेकंदांतलं पाखडणं

जिनिव्हाजवळच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरची, म्हणजे प्रोटॉनांच्या टकरी घडवणाऱ्या एलएचसी या यंत्राची, पहिली मोठी फेरी २०१० ते २०१३ या काळात झाली. ॲटलास या तिथल्या एका प्रयोगातल्या शास्त्रज्ञांना तेव्हा आकड्यांमधून एक गोष्ट दिसली आणि ती चांगलीच खुपली. डिटेक्टरच्या, म्हणजे कण टिपणाऱ्या यंत्राच्या, दोन्ही टोकांकडून ‘म्युऑन आला’, म्हणजे म्युऑन नावाचा कण आला, अशी वर्दी यायची, पण दहातल्या जवळपास नऊ वेळा ती खोटी निघायची. मधल्या अवजड धातूच्या सांगाड्यावर काहीतरी आदळायचं, तिथून कमी ऊर्जेचा एखादा प्रोटॉन उडायचा आणि बाहेरच्या थरांतून असा तिरका निघून जायचा, की तो थेट टकरीच्या जागेवरूनच आलाय असं वाटावं. यंत्र फसायचं आणि वर्दी द्यायचं.

एखाद-दुसरी वर्दी खोटी निघाली तर काय बिघडलं, असं वाटू शकतं. बिघडतं ते असं, की खऱ्या आणि खोट्या वर्द्यांना मिळून जागा एकच आणि ती मोजकी. खोटीने जागा अडवली की खरीला बाहेर राहावं लागतं, आणि बाहेर राहिलेली टक्कर पुन्हा कधीच हाती लागत नाही. तिची नोंद कुठेच उरत नाही.

पुढे यावर उपाय झाला तो शंभर टनांहून जड अशा दोन नव्या चाकांचा. त्यांच्याकडे येतोच. आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण हा सगळा लेख तिच्याभोवतीच आहे. म्युऑन डिटेक्टर सुधारतात म्हटलं की आपल्याला वाटतं, अधिक बारीक बघायचं असेल. तेही आहेच. पण खरी धडपड आहे ती काय ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं हे अगदी थोड्या वेळात, न चुकता ठरवण्याची. घरात सुपात धान्य पाखडणारी बाई एकेक दाणा हातात घेऊन बघत बसत नाही. सुपाच्या एका झटक्यात कोंडा पुढे उडतो, दाणा मागे राहतो. इथेही तेच करायचंय, फक्त सेकंदाला चार कोटी झटके.

मुळात म्युऑन कोण?

इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ म्हणा. विद्युतभार तोच, वागणंही बरंचसं तसंच, पण वजन सुमारे २०७ पट. तो टिकतो सरासरी २.२ मायक्रोसेकंद, मग त्याचा इलेक्ट्रॉन आणि दोन न्यूट्रिनो होतात. १९३६ मध्ये कार्ल अँडरसन आणि सेठ नेडरमेयर यांना तो वैश्विक किरणांमध्ये सापडला. हा शोध पक्का होण्यात आपल्या होमी भाभांचा अप्रत्यक्ष हात आहे. इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण पदार्थात शिरले की त्यांच्यातून कणांची सर कशी कोसळते, याचं गणित भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडलं. वैश्विक किरणांमधला ‘मऊ’ भाग त्या गणितात चपखल बसला. उरला तो शिशाचे जाड थर भेदून आरपार जाणारा भाग. तो इलेक्ट्रॉनचा असूच शकत नाही, हे त्यामुळे अधिक स्पष्ट झालं. हाच तो म्युऑन.

आरपार जाणं हाच त्याचा मोठा गुण. इलेक्ट्रॉन हलका असल्यामुळे पदार्थात शिरला की झटपट ऊर्जा उधळून संपतो. प्रोटॉन किंवा पायॉन अणुकेंद्रांवर आदळून थांबतात. म्युऑन जड असल्यामुळे ऊर्जा उधळत नाही आणि अणुकेंद्रांच्या प्रबळ बलाशी त्याचं देणंघेणं नाही. म्हणून कोलायडरवरचे मोठे डिटेक्टर कांद्यासारखे रचलेले असतात. आतले थर इतरांना अडवतात आणि सगळ्यात बाहेरच्या थरापर्यंत जवळपास फक्त म्युऑनच पोहोचतो. बाहेरच्या थरात खूण उमटली, तर तो बहुतेक म्युऑनच.

हा गुण आपल्याकडेही फार पूर्वी कामाला आला. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या म्हणजे टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी खोल जमिनीखाली म्युऑन मोजले. १९६५ मध्ये तिथेच जपान आणि ब्रिटनमधल्या सहकाऱ्यांसोबत, वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंची खूण त्यांनी अशा म्युऑनांमधूनच पकडली. आणि म्युऑन काही फक्त खाणीत किंवा प्रयोगशाळेत भेटतो असं नाही. तळहात आडवा धरलात, तर साधारण सेकंदाला एक या गतीने ते त्यातून खाली जात असतात.

एलएचसीवर म्युऑनला एवढं महत्त्व का, तर तो स्वच्छ साक्षीदार आहे. प्रोटॉनांच्या टकरीत पायॉन, केऑन असल्या कणांचा पाऊस पडतो आणि त्यात दुर्मीळ घटना बुडून जातात. त्या गर्दीत वेगवान म्युऑन दिसला, तर आत काहीतरी वेगळं घडलं असण्याची शक्यता बरीच वाढते. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडला, तेव्हा चार म्युऑनांच्या घटना सर्वांत नितळ पुराव्यांपैकी होत्या. बी-सब-एस नावाचा कण मोडून फक्त दोन म्युऑन होतात, हे अब्जात सुमारे तीनदा घडतं. तेही सीएमएस आणि एलएचसीबी या एलएचसीवरच्याच प्रयोगांनी मिळून पकडलं. हिग्ज थेट दोन म्युऑनांत मोडण्याचं प्रमाण साधारण पाच हजारांत एक. त्याचा पुरावा आत्ता कुठे हळूहळू गोळा होतोय. मुद्दाम सांगायचं तर, या सगळ्या घटना आधी कोणीतरी ‘ठेवा’ म्हटल्या म्हणून सापडल्या.

ठेवा की सोडा

एलएचसीत प्रोटॉनांचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांना छेदतात. सेकंदाला चार कोटी वेळा. एका छेदाची पूर्ण माहिती साधारण एक मेगाबाइट धरली, तर सेकंदाला चाळीस हजार गिगाबाइट होतात. एवढं साठवायला जागा नाही, आणि साठवलं तरी बघायला माणसं नाहीत. म्हणून निवड लगेच करावी लागते. या निवड करणाऱ्या यंत्रणेला ट्रिगर म्हणतात.

सीएमएसमध्ये ट्रिगर दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा शुद्ध इलेक्ट्रॉनिक्सचा. तो चार कोटींतून जास्तीत जास्त एक लाख छेद निवडतो. दुसरा टप्पा संगणकांचा. तो त्या लाखातून काही हजार कायमचे जपून ठेवतो. पहिल्या टप्प्यापाशी जरा थांबू, कारण खरी ओढाताण तिथेच आहे.

एक साधा हिशेब करा. प्रकाश २५ नॅनोसेकंदांत साडेसात मीटर जातो आणि म्युऑन जवळपास त्याच वेगाने. सीएमएसची लांबी २१ मीटर, म्हणजे मध्यापासून टोकाच्या थरापर्यंत सुमारे दहा मीटर. याचा अर्थ, म्युऑन बाहेरच्या थरात पोहोचेपर्यंत मध्यभागी पुढचा छेद होऊनही गेलेला असतो. ॲटलास तर ४६ मीटर लांब. तिथे टोकाला म्युऑन पोहोचेपर्यंत मागे आणखी तीन छेद होऊन जातात. तेव्हा पहिला प्रश्न ‘म्युऑन होता का’ हा नसतोच. प्रश्न असतो, ‘हा म्युऑन नेमका कुठल्या छेदातला?’ एका छेदाची गफलत झाली, तर वर्दी खरी असूनही भलत्याच टकरीची माहिती जपली जाते आणि खरी टक्कर वाहून जाते.

दुसरी गोष्ट प्रतीक्षेची. निर्णय होईपर्यंत माहिती जाते कुठे? ती डिटेक्टरवरच्याच चिपमध्ये रांगेत उभी राहते. सीएमएसची ही रांग सुमारे चार मायक्रोसेकंदांची आहे, म्हणजे साधारण १६० छेद. प्रत्येक नवा छेद रांगेच्या शेपटीला लागतो आणि पुढचा एक बाहेर ढकलला जातो. बाहेर पडण्याआधी ‘ठेवा’ असा निरोप आला नाही, तर ती माहिती पुसली जाते. चार मायक्रोसेकंदांत सिग्नल भूगर्भातल्या शेजारच्या दालनात जातो, तिथे गणित होतं आणि निरोप परत येतो. बराचसा वेळ तर नुसता केबलमधून धावण्यात जातो.

नव्या आराखड्यात ही रांग साडेबारा मायक्रोसेकंदांची होणार आहे, म्हणजे ५०० छेद. आठ मायक्रोसेकंद जास्त मिळाले, एवढंच काय ते, असं वाटेल. पण या आठ मायक्रोसेकंदांसाठी डिटेक्टरवरचं बरंचसं इलेक्ट्रॉनिक्स उखडून नवीन बसवावं लागतं, कारण रांगेची लांबी चिपमध्येच कोरलेली असते. जुनी चिप ५०० छेद धरूच शकत नाही. ‘सुधारणा’ या शब्दाचा एवढा मोठा भाग काही आठ-नऊ मायक्रोसेकंद कमावण्यात जातो, हे मला या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

उंबरठ्याचा प्रश्न

म्युऑन आले की सगळेच ठेवून टाकायचे, असंही चालत नाही, कारण कमी ऊर्जेचे म्युऑन पुष्कळ असतात आणि त्यातले बहुतेक नेहमीच्या, माहीत असलेल्या घटनांतले. म्हणून एक उंबरठा ठरवतात. सर्वसाधारण एकट्या म्युऑनासाठी हा उंबरठा २० जीईव्हीच्या आसपास असतो. जीईव्ही हे ऊर्जेचं माप, एका प्रोटॉनच्या वजनाएवढी ऊर्जा म्हणजे साधारण एक जीईव्ही. प्रोटॉनांच्या झोताला आडव्या दिशेचा संवेग याच्या वर असेल, तरच दार उघडायचं.

संवेग मोजायचा कसा? चुंबकीय क्षेत्रात म्युऑनचा मार्ग वाकतो. संवेग कमी तर वाक जास्त, संवेग जास्त तर मार्ग जवळपास सरळ. हा बाक किती सूक्ष्म असतो बघा. ॲटलासच्या म्युऑन यंत्रणेत एक टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे हजार जीईव्हीच्या म्युऑनचा बाक सुमारे अर्धा मिलिमीटर. तो दहा टक्के अचूक मोजायचा तर ५० मायक्रोमीटरपर्यंत नेमकं कळायला हवं, म्हणजे एखाद्या बारीक केसाएवढं. आणि हे खूप मोठ्या पसाऱ्यात.

आता यातली अडचण. कोकणात हापूसची प्रतवारी लावताना मोठी फळं मोजकी आणि लहान फळांचा ढीग मोठा असेल, तर निवडणाऱ्याचा हात शंभरात दोन-तीनदा चुकला तरी मोठ्यांच्या पेटीत लहानच जास्त दिसू लागतात. म्युऑनचंही तसंच. संवेग वाढेल तशी त्यांची संख्या झपाट्याने खाली येते. १० जीईव्हीचे म्युऑन २०च्या मानाने कितीतरी पट जास्त. त्यातले थोडेसे जरी मोजमापातल्या चुकीमुळे २०च्या वरचे वाटले, तरी उंबरठ्यावरची गर्दी मुख्यतः अशा चुकीने आत आलेल्यांचीच होते. मग लाख वर्द्यांच्या मर्यादेत राहण्यासाठी उंबरठा वर न्यावा लागतो, ३० किंवा ४०. आणि हिग्जमधून किंवा डब्ल्यू, झेड कणांमधून येणारे खरे म्युऑन मोठ्या संख्येने याच २० ते ४० जीईव्हीच्या पट्ट्यात असतात. उंबरठा वर नेला की नेमके तेच बाहेर राहतात.

म्हणून ट्रिगरच्या वेळी, त्या काही मायक्रोसेकंदांतच, बाक जास्त नेमका मोजता आला पाहिजे. नंतर संगणकावर निवांत बसून कितीही बारीक मोजलं तरी जे सोडून दिलं ते परत येत नाही.

एलएचसीची पुढची आवृत्ती हा प्रश्न आणखी कडक करते. २०२६च्या मध्यापासून यंत्राला लांब विश्रांती दिली जाणार आणि नियोजनाप्रमाणे २०३० मध्ये ते ‘हाय ल्युमिनॉसिटी’ रूपात सुरू होणार. आज एका छेदात सरासरी साठेक प्रोटॉन-जोड्या आदळतात. तेव्हा १४० ते २०० आदळतील. आख्ख्या आयुष्यात मिळणारी माहिती मूळच्या अपेक्षेच्या साधारण दहापट होईल. गर्दी वाढते तशी खोट्या वर्दीची शक्यता नुसती त्याच पटीत वाढत नाही, त्याहून जास्त वाढते, कारण वेगवेगळ्या कणांच्या खुणा योगायोगाने एका रेषेत येण्याचे प्रसंग वाढतात.

दोन चाकं

आता ॲटलासच्या चाकांकडे. टोकाकडच्या म्युऑन यंत्रणेत मोठ्या चुंबकाच्या अलीकडे एक चाक, पलीकडे एक मोठं चाक. जुना ट्रिगर मुख्यतः पलीकडच्या चाकावर विसंबून होता. म्युऑन चुंबकातून वळून आला, की त्याचा शेवटचा कोन बघून तो टकरीच्या जागेवरून आला असावा असा अंदाज. चुंबकाच्या आत उडालेला प्रोटॉन नेमका इथेच फसवायचा, कारण अलीकडच्या चाकात त्याची खूणच नसायची आणि ते कोणी विचारायचंच नाही.

नव्या चाकांचं काम म्हणजे हा प्रश्न विचारणं. ‘तू अलीकडून गेलास का? गेलास तर कुठल्या कोनात?’ हे कोनाचं उत्तर एक मिलिरेडियनच्या आसपास अचूक हवं, म्हणजे एक किलोमीटरवर एक मीटरच्या फरकाएवढं, आणि तेही ट्रिगरच्या वेळेत. जवळपास दहा मीटर व्यासाची ही दोन चाकं २०२१ मध्ये शंभर मीटर खोल दालनात उतरवली. त्यात मायक्रोमेगास आणि एसटीजीसी अशा दोन जातींचे डिटेक्टर आहेत, प्रत्येकाचे आठ-आठ थर. एक जात चुकली किंवा अडखळली तर दुसरी आधाराला असावी, असा विचार. ही चाकं ट्रिगरमध्ये जोडली गेल्यावर टोकाकडच्या खोट्या वर्द्या खरोखरच कमी झाल्या.

केसाहून बारीक छिद्रांची फॉइल

सीएमएसने टोकाकडे वेगळा मार्ग धरला. त्यांचं चुंबक ३.८ टेस्लाचं, पण टोकाकडे क्षेत्ररेषा वळून परततात, त्यामुळे जसजसं बाहेर जावं तसा म्युऑनचा बाक कमी-कमी मिळतो. त्यावर मधल्या जाड लोखंडातून जाताना म्युऑन अणूंवर हलकेच धडकत थोडा थरथरतो, त्यामुळे बाक आणखी पुसट होतो. तेव्हा बाक मोजायचा तर पहिल्याच स्थानकावर, लोखंडात शिरण्याआधी. तिथे आधीपासून एक थर होता. त्याच्या लगेच अलीकडे आणखी एक जातीचा थर बसवला, की दोघांमधल्या अंतरावर म्युऑनचा कोन कळतो. नव्या थरासाठी निवडली ती जेम, म्हणजे वायूत इलेक्ट्रॉन गुणणारी फॉइल. ही कल्पना सर्न या एलएचसी चालवणाऱ्या संस्थेतल्या फाबियो साउली यांची, १९९७ची.

ही फॉइल जवळून बघण्यासारखी आहे. ५० मायक्रोमीटर जाडीचा पॉलिइमाइडचा पापुद्रा. दोन्ही बाजूंना ५ मायक्रोमीटर तांबं. त्यात ७० मायक्रोमीटर रुंदीची छिद्रं, एकमेकांपासून १४० मायक्रोमीटरवर. करंगळीच्या नखाएवढ्या जागेत काही हजार छिद्रं बसतात. वरच्या आणि खालच्या तांब्यात काही शे व्होल्टचा फरक दिला, की छिद्राच्या आत प्रचंड तीव्र विद्युत क्षेत्र तयार होतं. म्युऑन वायूतून जाताना काही इलेक्ट्रॉन मोकळे करतो. त्यातला एक छिद्रात शिरला की त्याचे साधारण वीस होऊन बाहेर पडतात. खाली दुसरी फॉइल, मग तिसरी. विसाचे चारशे, चारशेचे आठ हजार. एवढे इलेक्ट्रॉन जमले की खालच्या पट्ट्यांवर वाचण्याजोगा सिग्नल मिळतो. आत वायू साधा, आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड. पेट घेणारा नाही की विषारी नाही.

एवढ्या छिद्रांपैकी एकातही धूळ अडकली तर ठिणगी पडू शकते आणि फॉइल भाजते. म्हणून काम स्वच्छ खोलीत चालतं, हातमोजे आणि टोपी घालून. फॉइलवरून चिकट रोलर फिरवून धूळ उचलतात. मग मेगर लावतात. होय, तोच मेगर, जो आपल्याकडचा इलेक्ट्रिशियन विहिरीवरच्या मोटरचं इन्सुलेशन तपासायला आणतो. फॉइलला पाचशेच्या आसपास व्होल्ट देऊन गळणारा प्रवाह बघतात. गळती दिसली की ती फॉइल बाजूला. फॉइल ताणायची पद्धतही सुंदर आहे. डिंकासारखं काही वापरत नाहीत, कारण त्यातून निघणारे वायू डिटेक्टरला बाधतात आणि नंतर उघडून दुरुस्तीही करता येत नाही. कडेने चौकटीत स्क्रू बसवतात आणि ते आवळत तीनही फॉइल एकदम, ढोलकीची पुडी ताणावी तशा सारख्या ताणतात.

अशा फॉइलच्या १४४ चेंबर, म्हणजे डिटेक्टरच्या पेट्या, २०१९-२० मध्ये बसवल्या. त्यातल्या काही आपल्याकडे जुळवल्या गेल्या. मुंबईतलं भाभा अणुसंशोधन केंद्र, चंदीगडचं पंजाब विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ यांची माणसं या कामात होती. पुण्याच्या आयसर आणि टीआयएफआर या संस्थाही सीएमएसच्या सदस्य आहेत. त्याआधी, २०१३-१४च्या विश्रांतीत बसवलेल्या आरपीसी या दुसऱ्या जातीच्या चेंबरांपैकी काहीही भाभा केंद्र आणि पंजाब विद्यापीठ यांनी जुळवल्या होत्या.

आणि आता येणाऱ्या विश्रांतीत जेमचे आणखी दोन संच येतील. त्यातला एमई-झिरो नावाचा संच सगळ्यात आत, प्रोटॉन धावतात त्या नळीच्या अगदी जवळ, सहा थरांचा. हे ठिकाण म्हणजे कणांची ऊर्जा मोजणाऱ्या नव्या मोठ्या कॅलोरिमीटरची पाठ. एकदा आत बसवला की तिथे हात घालणं जवळपास अशक्य. पुढची कित्येक वर्षं त्याला किरणोत्सर्ग सोसायचाय, तोही दुरुस्तीशिवाय. मोबदल्यात नळीला अगदी लगटून जाणारे म्युऑन पहिल्यांदा पकडता येतील. टाउ नावाचा जड कण तीन म्युऑनांत मोडतो का, हा एक फार मोठा प्रश्न आहे. माहीत असलेल्या नियमांप्रमाणे तो जवळपास मुळीच मोडायला नको. मोडताना दिसला, तर नियमांत काहीतरी नवीन आहे. ते म्युऑन बहुतेक याच कोपऱ्यात जातात.

जवसाचं तेल, फ्रिजचा वायू

आरपीसी ही जात १९८१च्या सुमारास रोममध्ये तयार झाली. तिचा गुण म्हणजे वेळ. ती दोन-एक नॅनोसेकंदांत सांगते, म्युऑन कधी आला. म्हणून ‘कुठला छेद’ या प्रश्नाला तिच्याइतकं चोख उत्तर कमीच यंत्रं देतात. आत बेकेलाइटच्या दोन पाट्या, मध्ये दोन मिलिमीटरची फट. जुन्या काळ्या स्विचांचं बेकेलाइट आठवत असेल, त्याच कुळातलं. पाट्यांच्या आतल्या बाजूला जवसाच्या तेलाचा पातळ थर असतो. तेल सुकलं की पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि उगाचच होणारे विद्युत स्राव कमी होतात. वऱ्हाडात जवसाची चटणी खाणाऱ्यांना हे वाचून गंमत वाटेल, पण त्या तेलाशिवाय या पाट्या शांत बसत नाहीत.

सीएमएसच्या नव्या आरपीसीत फट १.४ मिलिमीटर केली आहे. फट कमी, म्हणजे प्रत्येक कणामागे कमी विद्युतभार, म्हणजे जास्त गर्दी सोसण्याची ताकद. सिग्नल लहान होतो, म्हणून तो ऐकणारं इलेक्ट्रॉनिक्स अधिक संवेदनशील हवं. शिवाय प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांकडून वाचतात. सिग्नल एका टोकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोहोचला, तर त्या फरकावरून पट्टीवरची जागा कळते. वेळेच्या या बारकाईचा आणखी एक फायदा आहे. एखादा अज्ञात, जड कण प्रकाशापेक्षा हळू येत असेल, तर तो उशिरा पोहोचतो. जुना ट्रिगर अशा कणाला भलत्याच छेदात टाकायचा किंवा सोडूनच द्यायचा. नवा त्याला ओळखू शकेल.

वायूचा मात्र त्रास आहे, आणि तो लपवण्यासारखा नाही. आरपीसीतला मुख्य वायू गाड्यांच्या एसीत आणि फ्रिजमध्ये वापरला गेलेलाच, आर-१३४ए. मिश्रणात तो मुळात ९५ टक्क्यांच्या आसपास, सोबत आयसोब्यूटेन आणि थोडा सल्फर हेक्झाफ्लोराइड. हे वायू वातावरणात गेले तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीने जास्त उष्णता अडवतात, सल्फर हेक्झाफ्लोराइड तर त्याहूनही कितीतरी जास्त. नळ्यांतली गळती थांबवणं, वायू पुन्हा वापरणं हा सुधारणेचा एक मोठा, न दिसणारा भाग आहे. ॲटलासने २०२३ मध्ये या वायूचा सुमारे ३० टक्के भाग काढून त्या जागी कार्बन डायऑक्साइड आणला. सोपा बदल नाही, कारण वायूचं मिश्रण बदललं की विद्युतदाब, वेळ, वय सगळंच पुन्हा तपासावं लागतं. त्यासाठी सर्नमध्ये एक खास जागा आहे, जीआयएफ++. तिथे सीझियम-१३७चा मोठा किरणोत्सर्गी स्रोत आणि म्युऑनांचा झोत, दोन्ही एकाच वेळी. डिटेक्टरला तिथे महिनोन्महिने ठेवून त्याचं पुढच्या दहा-पंधरा वर्षांचं वय आधीच त्याच्या अंगावर चढवतात आणि मग तो म्युऑन अजून ओळखतो का हे बघतात.

डोकं बाहेर न्यायचं

मधल्या गोलाकार भागातल्या चेंबरची गोष्ट वेगळी आहे. सीएमएसच्या २५० ड्रिफ्ट ट्यूब चेंबर तशाच राहणार, कारण त्या अजून धडधाकट आहेत. बदलणार ते त्यांच्यावरचं इलेक्ट्रॉनिक्स. या नळीत म्युऑनने मोकळे केलेले इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोहोचायला चारशे नॅनोसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात मागे सोळा छेद होऊन जातात! एकट्या तारेला म्युऑन कधी आला हे कळूच शकत नाही. वर-खालच्या तारांच्या वेळा ताडून पाहिल्या, की मगच छेद ठरतो. आजवर हे ताडणं चेंबरवरच, किरणोत्सर्गात बसलेल्या चिप करायच्या. आता चेंबरवरचं यंत्र फक्त प्रत्येक तारेची वेळ एका नॅनोसेकंदाच्या आसपास अचूक मोजेल आणि प्रकाशतंतूवरून थेट बाहेर पाठवून देईल. विचार करण्याचं काम शेजारच्या सुरक्षित दालनातल्या मोठ्या एफपीजीए करतील. एफपीजीए म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप. म्हणजे पुढे कोणाला निवडीची नवी युक्ती सुचली, तर खाली उतरून काही उखडायला नको. ॲटलासही तेच करतोय. त्यांच्या अचूक ड्रिफ्ट नळ्या आजवर पहिल्या टप्प्याच्या ट्रिगरमध्ये नव्हत्याच, इतक्या संथ आहेत म्हणून. लांब झालेल्या रांगेमुळे त्यांना आता तिथे जागा मिळते.

सीएमएसमध्ये त्याहून मोठा बदल येतोय. सगळ्यात आतला, कणांचे मार्ग टिपणारा ट्रॅकर, जो आजवर पहिल्या टप्प्यात बोलत नव्हता, तो आता बोलेल. त्याच्या नव्या मॉड्यूलमध्ये काही मिलिमीटर अंतरावर दोन सेन्सर आहेत. कण दोन्हींवर एकाखाली एक लागला, तर मार्ग सरळ, म्हणजे संवेग जास्त. खूण बाजूला सरकली तर कमी. दोन जीईव्हीखालचे कण मॉड्यूलच बाजूला काढतो. उरलेले मार्ग म्युऑन यंत्रणेच्या खुणेशी जुळवले, की संवेग कितीतरी अचूक कळतो आणि उंबरठा २०च्या आसपास ठेवता येतो. पहिल्या टप्प्यातून बाहेर पडणाऱ्या छेदांची मर्यादाही लाखावरून साडेसात लाखांपर्यंत वाढते, ॲटलासमध्ये दहा लाखांपर्यंत.

तरीही चार कोटींतले बहुतेक सोडूनच द्यावे लागतात. त्यासाठी सीएमएसमध्ये आता एक समांतर सोय उभी राहतेय, तिला ‘स्काउटिंग’ म्हणतात. पहिल्या टप्प्याचा ट्रिगर निर्णय घेण्यासाठी जी थोडीशी माहिती तयार करतो, म्हणजे म्युऑन किती, कुठे, अंदाजे केवढ्या संवेगाचे, ती निर्णय काहीही असो, प्रत्येक छेदाची वेगळ्या वाटेने वाचून घ्यायची. पूर्ण टक्कर नाही, फक्त तिची चिठ्ठी. सध्याच्या फेरीत हे लहान प्रमाणावर चालू आहे. उंबरठ्याच्या खालचा एखादा नमुना हजारो छेदांमध्ये पुन्हा-पुन्हा येत असेल, किंवा काहीतरी लागोपाठच्या दोन छेदांत पसरून घडत असेल, तर ते आजवर कधीच दिसलं नसतं. आता त्याची निदान चिठ्ठी उरेल.